माळवदावर माती कुणी टाकायची?

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून हा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावतोय.

बोरीतल्या ज्या घराचा इसार देऊन मला दोन वर्षं झाली, त्याचे मालक दगडूकाका सकाळी म्हणाले, "बापू, पाऊस तोंडावर आलाय. माळवद गळायच्या आधी वर माती टाकून घे. घर तुझंच हाय."

"माझं हाय तर खरेदीखत करून द्या."

"हैदराबादहून भावाची सही येऊ दे की. पुढच्या महिन्यात नक्की."

गेल्या वर्षी याच बोलण्यावर मी माती टाकली होती. आज मातीची टोपली भिरकावली, सौदा मोडला म्हणालो आणि निघालो.

वाटेत सुमनचे वडील भेटले. घर झाल्याशिवाय ते मला मुलगी देणार नाहीत. कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराकडं दाखवायला दुसरं हाय तरी काय?

"काय घरमालक, किल्ली मिळाली का?"

"पुढच्या महिन्यात नक्की," मी म्हणालो.

तसाच मागं फिरलो आणि दुपारपर्यंत माळवदावर माती टाकली.

आता काका मला फसवायलेत, का मी सुमनच्या वडलांना, हेच कळंना. तुमी असता तर सौदा मोडला असता का?