गवाह की मुल्जिम: आमच्या वहीत नसलेला रकाना

आज सकाळी अकरा वाजता लखनौच्या चौकातल्या मामांच्या गलाईच्या दुकानात मी सोनं वितळवत होतो, तेव्हा पोलिसांची नोटीस आली. गेल्या आठवड्यात आम्ही वितळवलेली एक चेन चोरीची निघाली होती.

"मामा, मला आरोपी केलंय का?"

"वाच की. आठवीपर्यंत शिकलास ना?"

नोटिशीत 'गवाह' होतं, म्हणजे साक्षीदार. मी दुकानाची वही घेऊन निघालो.

ठाण्यात दरोगाजींनी, म्हणजे फौजदारांनी, आमची वही उघडली. "वजन मिलीग्राम तक लिखा है, भैया. नाम कहाँ है?"

"साहब, हम लोग नाम नहीं पूछते. ग्राहक बुरा मान जाता है."

"चोरी का माल जानकर लिया तो मुल्जिम, अनजाने में लिया तो गवाह. पूछोगे ही नहीं, तो अनजान कौन मानेगा?"

मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ते दाखवायला वहीत काहीच नाही. पुढच्या नोटिशीत 'गवाह' असेल की 'मुल्जिम', म्हणजे आरोपी?

परत येऊन मी नावाचा रकाना आखला. नाव विचारताच पहिल्याच गिऱ्हाइकाने अंगठी उचलली आणि समोरच्या, आपल्याच गाववाल्याच्या गलाईच्या दुकानात गेलं. तिथे नाव विचारत नाहीत.

गलाईवाल्या बंधूंनो, मी एकट्याने विचारून कसं चालेल? तुम्हीही विचाराल का?