मॅनेजरची व्हॅन

आमची टीम वाईट होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला पक्षपाती म्हणायला नको. रियाधच्या अल सुलै भागात गोदामांच्या मागे एक मोकळं मैदान आहे. तिथे दर शुक्रवारी सकाळी टेनिस बॉलच्या मॅचेस होतात. हैदराबाद्यांची टीम, मल्याळ्यांच्या दोन, पाकिस्तानी ड्रायव्हरांची एक, आणि एक आमची, महाराष्ट्राची. आमच्यात रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे मुसलमान जास्त, आणि तोंडी लावायला आम्ही दोघं-तिघं नाशिक-पुण्याचे. गुडघा गेल्यापासून मी खेळत नाही. सीमारेषेबाहेर घडीची खुर्ची टाकतो, थर्मासमधला चहा पितो आणि बोलतो. बायको म्हणते, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मी म्हणतो, बाई गं, ज्या देशात उंट आहेत तिथे तरी हाकू दे की!

माझ्या बोलण्याचा विषय नेहमी एकच असायचा, तो म्हणजे आमचा मॅनेजर.

मॅनेजर रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा. पन्नाशी उलटलेला, सुटलेल्या पोटाचा, मेंदी लावलेल्या दाढीचा. सुलैतच स्पेअर पार्टच्या एका गोदामात तो स्टोअरकीपर होता, आणि गोदामाची जुनी व्हॅन शुक्रवारी वापरायची परवानगी त्याला कफीलने, म्हणजे त्याच्या अरब मालकाने, दिलेली होती. त्या व्हॅनवरच टीम चालायची. आमचे खेळाडू चार दिशांच्या चार कामगार कॅम्पांत राहणारे, गाडी कुणाकडे नाही. मॅनेजर पहाटे फजरची नमाज पढून निघायचा आणि एकेका कॅम्पच्या गेटवर जाऊन एकेकाला उचलायचा. येताना भट्टीवरून गरम तमीस घ्यायचा. आमच्याकडच्या भाकरीच्या दुप्पट रुंद अशा त्या रोट्या कागदात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवलेल्या असायच्या. इथवर सगळं छान.

पण हा माणूस कुणालाही मागे सोडायचा नाही! गेटवर व्हॅन लावली की गडी येईपर्यंत ती हलायची नाही. कुणी झोपलेला असो, कुणी आंघोळीच्या रांगेत असो, कुणाचा बूट हरवलेला असो. त्यातल्या त्यात आमचा एक टँकरवाला होता, पाण्याचा टँकर चालवणारा महाडचा गडी. रात्रपाळी करून तो जो आडवा व्हायचा, तो कुंभकर्णाला लाजवायचा. त्याच्या गेटवर मॅनेजर हॉर्न वाजवायचा, फोन करायचा, मग स्वतः जिने चढून वर जायचा. आणि लीगचा नियम काय? उशिरा आलेल्या टीमची षटकं कापायची. कारण दुपारच्या जुम्याच्या नमाजाची अजान व्हायच्या आत मैदान रिकामं करावंच लागतं, त्यात कुणाची माया नाही. समोरची टीम आठ षटकं खेळायची, आमच्या वाट्याला सहा, कधी पाच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

गेल्या मोसमात आम्ही हरण्याचे सगळे प्रकार करून पाहिले. गोदामाच्या भिंतीपलीकडे बॉल मारला की आऊट, हा तिथला नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक, कारण आतला चौकीदार बॉल परत देत नाही. आमच्या कॅप्टनने दोन मॅचेसमध्ये तिथेच मारला. एकदा आमचा क्षेत्ररक्षक खिशातला फोन काढून मुदीरशी, म्हणजे त्याच्या साहेबाशी, "हाँ मुदीर, जी मुदीर" करत उभा राहिला आणि बॉल त्याच्या पायाजवळून चौकार गेला. त्यानंतर मॅनेजरने आयुष्यातला एकमेव कडक नियम केला: मॅच संपेपर्यंत सगळ्यांचे फोन किटबॅगमध्ये, आणि किटबॅग कुलपात. मी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, चला, मॅनेजरला कणा आहे. पुढच्या शुक्रवारी ये रे माझ्या मागल्या, व्हॅन अर्धा तास उशिरा.

"अहो मॅनेजरसाहेब," मी एकदा चिडून म्हणालो, "एकाला सोडून आलात तर बाकीचे दहा वेळेवर खेळतील की नाही? टीम चालवताय की वरात?"

"नाय हो इंजिनीअरसाहेब," तो तमीसचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाला. "माणूस गेटवर आला नि गाडी निघून गेलेली, ह्यापेक्षा वाईट कायच नाय. मी नवीन आलो होतो तेव्हाची गोष्ट. ईदच्या दिवशी आमच्या कॅम्पची सगळी पोरा बस करून फिरायला गेली. मी नवीन कपडे इस्त्री करत होतो. खाली आलो तर बस नाय. अख्खी ईद मी गेटवर बसून काढली. मॅच काय, पुढच्या जुम्याला परत आहे."

मी तमीस खाल्ला आणि राग गिळला. अर्थात, टॉस होईपर्यंतच.

मोसम संपत आला तेव्हा कळलं की मॅनेजरला आता फार जुमे उरलेले नाहीत. कफील म्हातारा झाला होता. त्याच्या मुलाने सुलैचं गोदाम बंद करून धंदा जेद्दाला, अल अझीझियाच्या दुकानात हलवायचं ठरवलं आणि मॅनेजरचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुन्हा काढणार नाही असं सांगून टाकलं. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं गावी. मॅनेजरने आम्हाला हे मैदानावरच सांगितलं, आम्ही मल्याळ्यांकडून हरल्यावर. रडला वगैरे नाही. स्टंप उपटता उपटता म्हणाला, "एक मॅच जिंकलेली बघून जाऊ दे रे पोरांनो. एवढी वर्षा गावात सांगतो मी टीमचा मॅनेजर आहे, विचारतात जिंकलात काय कधी? काय सांगू?"

त्या दिवशी परतताना गाडीत मला फार वाईट वाटलं. घरी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा, दे ऑल्वेज लूज. व्हाय डू यू इव्हन गो?" आठवड्याचे सहा दिवस मी साइटवर हिंदी-इंग्रजी बोलतो, घरी ही अशी उत्तरं देते. माझी मराठी खरी फुटते ती शुक्रवारी, मॅनेजरला शिव्या घालताना.

शेवटची मॅच हैदराबाद्यांशी होती, म्हणजे लीगमधल्या सगळ्यात तगड्या टीमशी. आदल्या दिवशी कॅप्टनने एक बेत काढला. या वेळी सगळ्यांनी आपापलं यायचं, कुणी टॅक्सी करून, कुणी दोस्ताच्या गाडीतून. टॉसच्या आधी अख्खी टीम नवीन टीशर्ट घालून ओळीत उभी, आणि मॅनेजर येऊन बघतो तर काय! निरोपाची भेट म्हणून त्याला वेळेवर आलेली टीम द्यायची. मॅनेजरला पत्ता लागू द्यायचा नाही. पहिल्या गेटवर कुणी दिसलं नाही की तो समजेल आणि थेट मैदानावर येईल, असा हिशेब. सगळ्यांना बेत आवडला. मलाही फार आवडला. मी म्हटलं, मी फोनवर अख्ख्या मॅचचा व्हिडिओ करतो, गावी न्यायला त्याला तेवढंच.

शुक्रवारी मी पोचलो तर डोळ्यांवर विश्वास बसेना. सगळे हजर! टँकरवालासुद्धा, दाढी करून. फोन किटबॅगमध्ये, किटबॅग कॅप्टनच्या दोस्ताच्या गाडीत कुलूपबंद, सगळं मॅनेजरच्याच नियमाने. मी खुर्चीच्या पाठीला फोन बांधला, मध्येच कुणाचा कॉल येऊन व्हिडिओ तुटू नये म्हणून त्याचं नेटवर्क बंद केलं, आणि आम्ही रस्त्याकडे बघत उभे राहिलो.

टॉस झाला. व्हॅन आली नाही. पहिली चार षटकं झाली. व्हॅन नाही. आमच्या पोरांनी हैदराबाद्यांना असं बांधून ठेवलं होतं की मला बोलायला काही चूकच सापडेना. मी ओरडत होतो, "शाब्बास रे वाघा!" आणि मध्येच रस्त्याकडे बघत होतो. डाव संपला तेव्हा मी कॅप्टनला म्हणालो, "अरे, फोन लावू का त्याला? आला नाही अजून."

"दोन षटकांत येतोच बघा," तो बॅट हातात घेत म्हणाला. "व्हिडिओ नका तोडू. आता तर बॅटिंग आहे."

मीही तोडला नाही. मला वाटलं, येतोच आहे. सगळ्या मोसमात हा माणूस उशिरा आला होता, आज काय वेगळं!

मॅच शेवटच्या षटकापर्यंत गेली. चार हवे होते आणि स्ट्राइकवर कोण, तर टँकरवाला! मी खुर्ची सोडून उभा राहिलो. गुडघा ठणकत होता, तरी उभा राहिलो. त्याने भिंतीकडे मारला नाही, देवाची कृपा. रस्त्याच्या बाजूला खाली ठेवून मारला, सीमारेषेवर मांडलेल्या टायरांच्या रांगेतून बॉल थेट बाहेर. जिंकलो! अख्ख्या मोसमातली पहिली आणि शेवटची मॅच आम्ही जिंकलो, पूर्ण आठ षटकं खेळून. पण कुणी पिचकडे धावलं नाही. सगळे धावले रस्त्याकडे. मीही बांधलेला फोन सोडवून त्यांच्यामागे लंगडत गेलो. रस्त्यावर धूळ होती, एक ट्रेलर गेला, मग दुसरा. "आला काय? ती काय व्हॅन? नाय रे, ती भाजीची." असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी मी व्हिडिओ बंद केला, नेटवर्क चालू केलं, आणि फोन नुसता थरथरत राहिला. मॅनेजरच्या चुकलेल्या कॉलचे मेसेज, एकामागून एक.

मी लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"साहेब, टँकरवाल्याच्या गेटवर आहे मी." आवाज पार कोरडा पडलेला. "कुठल्याच गेटवर कोणच आला नाय. कोण फोन उचलत नाय. वर जाऊन दरवाजा ठोकला, खोलीला कुलूप. काय झाला हो? इकाम्याची तपासणी आली काय? का अपघात झाला? खरा सांगा."

"सगळे इथे आहेत," मी म्हणालो. "मैदानावर. आपापले आलेत. बरे आहेत सगळे."

तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह. खलास. येतो."

कपाळावर हात मारून घेतला मी. इतकी वर्षं ज्या माणसाला आम्ही गेटवर थांबतो म्हणून बोलत आलो, तो त्या दिवशी मात्र थांबणार नाही असं आम्हाला वाटलंच कसं? पहिल्या गेटवर थांबला. दुसऱ्यावर थांबला. प्रत्येक गेटवर तितकाच थांबला.

व्हॅन आली तेव्हा हैदराबादी निघूनही गेले होते. तो खाली उतरला आणि आधी काय केलं असेल? बोटाने एकेकाला मोजलं. अकरा भरल्यावर मग श्वास सोडला. पोरांनी त्याला मिठ्या मारल्या, "चाचा, जिंकलो! चाचा, तुमच्यासाठी जिंकलो!" तो म्हणाला, "मबरूक रे, मबरूक." स्कोअर विचारला. थोड्या वेळाने परत विचारला. मग टँकरवाल्याला म्हणाला, "कसा मारलास, दाखव बघू."

टँकरवाल्याने बॅट घेतली आणि रिकाम्या मैदानात, बॉल नाही, बॉलर नाही, तसाच तो फटका मारून दाखवला. मॅनेजर टायरांच्या रांगेकडे बघत राहिला. "असा काय? वा. असा मारलास काय." टँकरवाला बॅट टाकून लहान मुलासारखा रडायला लागला. तेवढ्यात अजान झाली. मॅनेजरनेच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाला, "यल्ला, बसा गाडीत." टॅक्सीने आलेले, दोस्तांच्या गाडीने आलेले, सगळे मुकाट्याने व्हॅनमध्ये बसले. डॅशबोर्डवर तमीस तसेच होते, चामड्यासारखे कडक झालेले. तसेच खाल्ले आम्ही.

तो गेला. त्याच्या जाण्याआधी मी व्हिडिओ त्याच्या फोनवर घालून दिला होता. सुलैला आता नवीन मॅनेजर आहे, पुण्याचा, अगदी घड्याळाच्या काट्यावर चालणारा. व्हॅनही दुसरी, भाड्याची; ती वेळेवर निघते, आलेल्यांना घेऊन. टीम बऱ्याचदा जिंकते. मी अजून खुर्ची टाकतो, पण बोलायला काही सुचत नाही. ज्याच्यावर मनापासून चिडावं असं कुणी राहिलंच नाही.

परवा त्याचा गावाहून व्हिडिओ कॉल आला. दाढी पूर्ण पांढरी झालीय, मागे माडांची रांग दिसत होती. इकडचं तिकडचं झालं. मी विचारलं, "काय मॅनेजरसाहेब, मॅच दाखवली का गावात सगळ्यांना?"

"दाखवली तर! मशिदीबाहेर दाखवली, सलूनमध्ये दाखवली. माझा सगळा पाठ झाला." मग म्हणाला, "शेवटी तुमी नुसता रस्ता काढलाय, तोच मी जास्ती बघतो."

"तो कशाला बघता? त्यात काहीच नाही. आम्ही तुमची वाट बघत होतो."

"तेच तर," तो म्हणाला. "पोरा माझी वाट बघतायत. दर वेळी वाटता, आता माझी व्हॅन येईल."