बाराव्यानंतरचं बारसं

लोधिवलीच्या पदू ठोंबऱ्याचं बारावं गावानं आधी जेवलं आणि बारसं नंतर. दोन्ही वेळा पोटभर जेवलं. त्या गावाबद्दल याहून जास्त सांगायची खरं तर गरज नाही, पण पदूसाठी सांगायला हवं.

पदूला काळ्या पाण्याची सजा झाली ती एकतीस साली. खळ्यावरचं भात उचलायला आलेल्या खोताच्या माणसाला त्यानं रागाच्या भरात फावडं घातलं आणि तो माणूस जागीच संपला. पदूनं कोर्टात खोटं सांगितलं नाही. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. घरात चौदा वर्षांची बायको येसूबाई आणि धाकटा भाऊ नागू. अंदमानात उतरल्यावर त्याच्या गळ्यात नंबराची लाकडी पट्टी अडकवली, आणि पुढं तो नंबरच काथ्या कुटत राहिला, जंगल तोडत राहिला. पदू म्हणून हाक मारणारं तिथं कुणी नव्हतं. वर्षाला एक पत्र धाडायची मुभा होती. लिहायला-वाचायला येणाऱ्या एका कैद्याकडून तो ते लिहून घ्यायचा. मजकूर दरवर्षी तोच. मी जिवंत आहे, येसूला सांगा.

उत्तर एकदाही आलं नाही. लढाई संपली, कैदी सुटले, तरी पदू तिथंच लाकडाच्या वखारीत राहिला. घरच्यांनी नाव टाकलं असेल तर कुठल्या तोंडानं जायचं? चोपन्न साली मात्र त्याला राहवेना. एकदा डोळ्यांनी बघू आणि परत फिरू, असं म्हणून तो बोटीत बसला.

फाट्यावर एसटीतून उतरून तो घरासमोर आला तेव्हा येसूबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिचं कपाळ पांढरं होतं, हात भुंडे होते. पदूच्या मनात पहिल्यांदा आलं, अरेरे, हिचं कोण गेलं? मग त्याच्या लक्षात आलं, की गेलो तो मीच.

येसूबाईच्या हातातलं सूप पडलं. तिनं त्याला ओळखलं होतं. तेवढ्यात घरातून नागू धावत आला आणि दोन्ही हात दारात आडवे धरून ओरडला, "दादा, उंबरा वलांडू नको! तुला पाणी सोडलंय आमी!"

तेवीस वर्षांनी घरी आलेल्या थोरल्या भावाचं स्वागत हे असं झालं.

बारा वर्षं खबर नाही म्हणून नागूनं त्रेचाळीस साली दर्भाचा पदू करून जाळला होता. दहावा केला, बारावं घातलं. येसूबाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. पदूचं शेत नागूच्या नावावर चढलं. आता मेलेला माणूस दारात येऊन उभा राहिल्यावर करायचं काय, म्हणून गाव पारावर बसलं. खालापूरहून भटजी आणले. भटजी म्हणाले, मेलेला परत येत नाही, जन्माला येतो. याला पाळण्यात घाला, नाव ठेवा, मग याच बाईशी याचं पुन्हा लग्न लावा.

"नाव नवं ठेवा," गावचा पाटील पोपट म्हणाला. "इठू ठेवा. देवाचं नाव हाय. आन् बारसं-लगीन हाय म्हनल्यावर गावजेवान आलंच." हे सांगायला त्याला पोथी लागली नाही.

पदूला हसावं की थुंकावं कळेना. एकट्यासाठी असतं तर तो त्याच पावली बोटीकडं फिरला असता. पण येसूबाई? नवरा समोर असून ती रांडवच राहिली असती, आणि त्याच्यासोबत राहिली असती तर विधवेनं माणूस ठेवला म्हणायला हेच गाव पहिलं पुढं आलं असतं. तिच्या कपाळाला कुंकू लागायचं तर पाळण्यात बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अडला हरी म्हणतात तो हाच. त्यानं होय म्हटलं आणि देवळाच्या पडवीत पथारी टाकली.

बारशाच्या आदल्या दिवशी त्याची म्हातारी आत्या भागूबाई भाकरी घेऊन आली. पदूचं मूळ नाव तिनंच ठेवलेलं. ती शेजारी टेकली आणि म्हणाली, "तुजी पत्रं यायची रं."

पदूचा घास हातातच राहिला.

"लढाईच्या आदी यायची, नंतरबी यायची. पोपट वाचून दावायचा आन् नागू चुलीत घालायचा. समद्या गावाला ठावं व्हतं. येसूला तेवडं कुनी सांगितलं नाय. आज मी सांगितलं."

"मग कुनी बोललं का नाय?"

"बोलून काय करनार? बारावं जेवून बसलेलं गाव. खाल्लेलं वकायचं कुनी?" म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. "मीबी जेवले रं."

"काय केलं व्हतं?"

"वडे आन् खीर."

पदूनं भाकरी बाजूला सारली. अंदमानात त्यानं किडे पडलेला भात खाल्ला होता, कधी ताट सारलं नव्हतं. भागूबाई उठता उठता एवढंच म्हणाली, "इठूला बाप नाय, ध्यानात ठेव. बाप नाय तर वाटा नाय. म्हनून नवं नाव."

दुसऱ्या दिवशी ओटीवर लुगड्याची झोळी बांधली. सत्तेचाळीस वर्षांच्या पिकल्या मिशांच्या माणसाला दुधानं न्हाऊ घालून तिच्यात बसवलं. पाच सवाष्णींनी झोका दिला, बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या, पोरं घुगऱ्यांसाठी ओंजळी पसरून उभी राहिली. आत्याबाईनं त्याच्या कानात कुर्र केलं आणि मान खाली घालून विठू म्हणाली. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. दोन जरा जोरातच बसले असते तर बरं झालं असतं, असं पदूच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीही त्याला किळस आली.

मग अंतरपाट धरला. अक्षता पडल्या. येसूबाईच्या गळ्यात काळे मणी आले, कपाळावर कुंकू आलं. पदू एकटक तिथं बघत राहिला. झालं होतं. ज्यासाठी केलं ते झालं होतं.

"नाव घे गं येसू, नाव घे!" बायका मागं लागल्या. पहिल्या लग्नात ती इतकी लहान होती, की पदरात तोंड खुपसून रडली होती आणि नाव राहूनच गेलं होतं. त्यानंतर नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची रीत नाही, आणि विधवेला तर कुणी विचारतच नाही.

येसूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिनं यमक जुळवलं नाही, की चांदीच्या ताटात काही ठेवलं नाही.

"पदू कान्हू ठोंबरे," ती अंगणभर ऐकू जाईल अशी म्हणाली.

नागू पुढं झाला. "वैनी, इठू म्हनायचं. इठू."

"इठू तुमचा, भावजी. तुमी घातलाव पाळन्यात, तुमीच सांभाळा." ती पोपट पाटलाकडं वळली. "पाटील, पत्रं तुमी वाचलाव ना? काय लिवलं व्हतं त्यात? जिता हाय म्हनून लिवलं व्हतं. मी अकरा वर्सं भुंड्या हातानं तुमच्या घरचं भात कांडलं, आन् तुमी समोर बसून पान खायचाव." ती अंगणाकडं वळली. "पदू कान्हू ठोंबरे. कान्हूचा थोरला ल्योक. माजा नवरा. आजून कुनाला ऐकायचं हाय?"

कुणालाच ऐकायचं नव्हतं. पोपट पाटील अक्षता झटकत बसला. तेवीस वर्षं पदूला त्याच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, गेले पंधरा दिवस भूत आल्यागत लोक त्याच्याकडं बघत होते, आणि आज त्याचं नाव त्याच्या बायकोच्या तोंडून आलं, जन्मात पहिल्यांदा.

भटजी म्हणाले, आता माप ओलांडून आत या.

पदूनं उंबऱ्याकडं बघितलं. तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. आत चूल दिसत होती. त्याला त्या घराची, त्या चुलीची अशी काही शिसारी आली, की पाय उचलेना.

"येसू, आत जायाचं हाय का तुला?"

"नाय," ती म्हणाली.

दोघं चौक गावाच्या रस्त्याला लागली तेव्हा अंगणात पत्रावळी मांडून झाल्या होत्या. नवरानवरी निघून गेली म्हणून पंगतीतलं एकही माणूस उठलं नाही.