चौथ्या उसाशापुढची वाट

आमचे आबा, म्हणजे माझे वडील केरबा, भलते हट्टी. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, तसले.

सातारच्या डोंगराखालच्या आमच्या गावाला जुन्या खापरी नळानं पाणी येई. भाजक्या मातीच्या नळ्या चुन्यानं सांधून जमिनीत पुरलेल्या, आणि आतली हवा निघून जावी म्हणून वाटेत दगडी बांधणीचे चार उंच उसासे. चौथ्या उसाशापासून हौदापर्यंत नळ कुठून वळतो ते वरून कळायचं नाही. ते फक्त आबांना ठाऊक. नळाची राखण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं, आणि रीत अशी की वाट एकालाच सांगायची, कानात, तिसरा कान जवळ नसताना. कागदावर तर मुळीच नाही. वाट कळली की कोणीही नळ फोडून मळ्याला पाणी वळवणार, ही धास्ती.

भाऊ वीरधवल फौजेत, जम्मूला. तो पेन्शनीत आला की त्याला सांगायचं ठरलं होतं. मी नवरा वारल्यावर माहेरी आलेली. दोनदा म्हटलं, मला सांगून ठेवा. "न्हाई," म्हणाले. बाईमाणसाच्या पोटात काही राहत नाही म्हणे. त्याचा मला राग आला होता, अजूनही येतो.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जिभेवर एकच शब्द उरला, न्हाई. भूक लागली तरी न्हाई, पोट भरलं तरी न्हाई. कुठल्या न्हाईचा अर्थ काय, ते मी आवाजावरून ओळखायला शिकले.

पुढच्या मार्चात रस्ता रुंद करायला ठेकेदाराचं मशीन आलं. कडेनं पुरुषभर खोल चर खणायचा होता. सुमंत नावाचे तरुण इंजिनिअर भले होते. म्हणाले, नळ रस्ता कुठं ओलांडतो तेवढं दाखवा, तिथं चर वळवतो. पण दुपारपर्यंतच, त्यापुढं थांबवणं माझ्या हातात नाही.

खुर्चीला बांबू बांधून चौघांनी आबांना चौथ्या उसाशापाशी नेलं. सुमंत दगडांवरून हात फिरवत सांगत होते, रोमन लोकांनीही असंच लांबून, कमानींवरून पाणी आणलं होतं, तिकडं त्या पडक्या कमानी बघायला लोक तिकीट काढून जातात. आबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी कान दगडाला लावला होता, आणि आतलं पाणी ऐकून झटक्यानंतर पहिल्यांदाच हसले.

मग मी विचारायला लागले. वडाखालनं? न्हाई. देवळामागनं? न्हाई. आबांनी डाव्या हातानं सुमंतांना मागं ढकललं, बांबू धरणाऱ्यांवर हात उगारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तो हात दाबून धरला. "आवं आबा, गाव पाण्यावाचून मरंल. आता तरी हट्ट सोडा की," म्हटलं. ते रडायला लागले. सुमंतांनी घड्याळ बघितलं, आणि सगळे खाली उतरलो.

चौघं खुर्ची घरात ठेवून गेले. आबांनी दाराकडं बोट केलं. मी दार लावून घेतलं. मग त्यांनी चुलीतली राख मागून घेतली, जमिनीवर पसरायला लावली आणि डाव्या बोटानं काढायला लागले. चार टिंबं. तिथून रेघ, आमच्या गोठ्यामागनं, बांध धरून, रस्त्याकडच्या चिंचेपर्यंत. माझ्याकडं बघून चिंचेवर तीनदा बोट आपटलं.

तिसरा कान. तिथं तर सहा माणसं उभी होती. ज्या रीतीवर मी जन्मभर चिडले, ती ऐन वेळी मलाच आठवली नाही. त्यांना हटव, एवढंच ते सांगत होते.

मी धावत चिंचेपाशी गेले तोवर मशीन पुढं सरकलं होतं. चरात तांबडं पाणी भरत होतं आणि त्यात खापरांचा खच. तीस-चाळीस हात नळ उपसून पडला होता. तसल्या नळ्या भाजणारं आता कोणी नाही. सुमंत खाली मान घालून उभे होते. त्यांना तरी काय बोलणार?

हौद आमच्या दारासमोरच. परत आले तर आबा सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आलेले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"वाचला, आबा," मी म्हटलं.

"न्हाई," आबा म्हणाले.

समोर हौदात पडणारी धार करंगळीएवढी झाली होती. ती थेंबावर येईपर्यंत मी त्यांच्या बोटांची राख पदरानं पुसत बसले.