खंगर विटांची भिंत

नांदेडच्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात रोबोटचा हात आला तेव्हा मी तिथं ग्रंथपाल होतो. कुठल्याशा गाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंग करून निवृत्त झालेलं ते यंत्र. नारिंगी रंगाचं, माणसाच्या दीडपट उंच. तपासणी समिती यायची होती म्हणून घेतलेलं. समिती आली, नारळ फुटला, फोटो निघाले आणि यंत्रावर ताडपत्री पडली. दर सोमवारी ती झटकायचं काम विशाखा गजभारेचं.

विशाखा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे कागदावर तसं. प्रत्यक्षात झाडायचं, पाणी भरायचं, पाहुण्यांना चहा द्यायचा. धर्माबादजवळच्या खेड्यातली. तिची आई चांगुणाबाई वीस वर्षं वीटभट्टीवर राबलेली. विशाखानं आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड केला होता, वर्गात एकटी मुलगी. नोकरीच्या अर्जात तिनं ते लिहिलं होतं, पण वाचलं कुणीच नव्हतं.

यंत्र शिकवायला कंपनीचा माणूस दोन दिवस आला होता. पहिल्या दिवशी जेवणानंतर आमचे प्राध्यापक एकेक करत उठले. केबल धरायला म्हणून थांबलेली विशाखा तेवढी उरली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला एकटीलाच शिकवलं. पेंडंट म्हणजे वायरीला जोडलेला, हातात धरायचा पडदा. त्यावरून तो अजस्र हात कसा हलवायचा, कुठं थांबवायचा, हे तिनं वहीत उतरवून घेतलं.

मग ती माझ्याकडं आली.

"रामलिंग सर, त्या मशिनचं जाड पुस्तक तुमच्या कपाटात हाय. मला पाहिजे."

परिचरांना ग्रंथालयाचं कार्ड नसायचं. मी म्हणालो, "माझ्या नावावर नेतेस तर ने. पण कुणाला सांगू नको."

"सांगीन की. चोरून थोडंच नेऊन राहिले?"

आणि तिनं खरंच सांगितलं. चार महिने मोबाईलवर शब्द शोधत ती ते इंग्रजी पुस्तक वाचत होती, दुपारच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, पायरीवर बसून. विनोद सर नावाचे आमचे एक तरुण प्राध्यापक जाता-येता विचारायचे, "काय गजभारे, इंजिनिअर होणार का?" ती मान वर न करता म्हणायची, "बघू की सर."

दोन वर्षांनी ऋतुजा प्रयोगशाळेत आली. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, शिरूर अनंतपाळकडच्या शेतकरी घरातली. संगणकावर नियम लिहून त्यातून आकार काढायची विद्या ती इंटरनेटवरून शिकली होती. एकेक रेष आपण काढायची नाही. ऊन कुठून येतं, वारा कुठून, हे सांगायचं आणि गणितानं भिंत घडू द्यायची. तिच्या प्रकल्पातल्या भिंतीत चारशे विटा होत्या आणि प्रत्येक वीट थोड्या वेगळ्या कोनात वळलेली. दुपारचं ऊन अडावं, वारा मात्र आत यावा म्हणून. गवंड्यानं नकाशा बघूनच हात जोडले होते. विभागप्रमुख दयानंद सर म्हणाले होते, "पुठ्ठ्याचं मॉडेल कर आणि मोकळी हो."

ती ताडपत्रीसमोर उभी होती. विशाखा झाडू घेऊन आली.

"ताई, हे चालतं का हो?"

"चालतं."

"कोण चालवतं?"

"मी."

ऋतुजाकडं प्रयोगशाळा वापरायची परवानगी होती. यंत्र कोण चालवणार, हे परवानगीच्या अर्जात विचारलेलंच नव्हतं.

पहिली भिंत अकराव्या थराला कोसळली. दुसरी नवव्या. ऋतुजा रडकुंडीला आली. संगणकावर तर सगळं बरोबर होतं! विशाखानं एकेक वीट मापून बघितली. एक चौऱ्याहत्तर मिलिमीटर जाड, दुसरी सत्तर, तिसरी सदुसष्ट. रविवारी तिनं आईला गावाकडून आणलं. चांगुणाबाईंनी विटांच्या ढिगाभोवती एक फेरी मारली, एक काळपट वीट उचलून नखानं वाजवली.

"ही खंगर हाय. जाळाच्या तोंडाशी होती, म्हणून आकसली. ही वरच्या थराची, कमी भाजली. एका भट्टीच्या विटा एका मापाच्या कशा निघतील, बाई?"

ऋतुजा म्हणाली, "मग कारखान्यातल्या विटा मागवते. त्या सगळ्या सारख्या असतात."

"न्हाई," विशाखा म्हणाली. "विटा बदलायच्या न्हाईत. तुझं गणित बदल."

"चारशे विटांचं?"

"चारशेचं. इथं घरं ह्याच विटांनी बांधतात. ह्या विटा ज्याला चालत न्हाईत, ते गणित काय कामाचं?"

महिनाभर दोघी त्याच्यामागं लागल्या. विशाखानं जुन्या लेथचा एक दाबाचा खटका काढून यंत्रापुढच्या फळीवर बसवला. यंत्र वीट उचलायचं, आधी फळीवर टेकवायचं. खटक्यावरून जाडी कळायची आणि ऋतुजाचा प्रोग्राम ती वीट कुठं, किती वळवून, किती जाड सिमेंटवर ठेवायची ते तिथल्या तिथं ठरवायचा. खंगर वीटसुद्धा बाद होत नव्हती. तिला तिची जागा मिळत होती.

भिंत छातीइतकी झाली आणि दयानंद सरांनी ती पाहिली. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली: शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी यंत्रास हात लावू नये. किल्ली सरांच्या कपाटात गेली. सर दुष्ट नव्हते. यंत्र बिघडलं तर संस्था आपल्याला विचारील, ही त्यांची भीती.

विशाखानं अर्ज दिला. त्याची एक प्रत नोटिशीखालीच टाचली. अर्ज एवढाच होता: "यंत्र चालवता येणारी दुसरी व्यक्ती कॉलेजात असल्यास तिचे नाव कळवावे. मी तिच्याकडून शिकेन." खाली पूर्ण नाव, पद, तारीख. पोरं थांबून थांबून वाचत होती. मी सांगितलं, "काढ ते. नोकरी जाईल."

"जाऊ द्या. खोटं काय लिहिलंय त्यात?"

ऋतुजाच्या प्रकल्पाची परीक्षा घ्यायला लातूरहून सिद्रामप्पा नावाचे वयस्कर आर्किटेक्ट यायचे होते. आदल्या दिवशी दयानंद सरांनी विशाखाला बोलावलं. मी तिथंच होतो.

"सकाळी यंत्र तू चालू करून दे. मग विनोद सर पेंडंट धरतील. तू पाहुण्यांचं चहापाणी बघ."

"चालू मी करणार तर उभी पण मीच राहणार, सर."

"आणि नाही म्हटलं तर?"

"किल्ली तुमच्याकडं हाय. चहा मी करते."

तिनं खरंच चहा केला. सिद्रामप्पा भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. विनोद सरांनी पेंडंट घेतला. पेंडंटच्या मागचा खटका अर्धवटच दाबायचा असतो. सैल सोडला तरी यंत्र थांबतं, घट्ट आवळला तरी थांबतं. सरांना तो अंदाजच नव्हता. यंत्राचा हात हलला, भोंगा वाजला, बंद. पुन्हा हलला, पुन्हा भोंगा. चौथ्यांदा सिद्रामप्पांनी विचारलं, "रोज कोण चालवतं?"

दयानंद सरांनी विनोद सरांकडं बघितलं. मी जमिनीकडं. ऋतुजा म्हणाली, "ज्यांनी तुम्हाला चहा दिला, त्या."

विशाखानं ट्रे खाली ठेवला, पण पुढं आली नाही. "आधी प्रकल्पाच्या कागदावर माझं नाव पाहिजे. यंत्र कुणी चालवलं त्या रकान्यात. आणि आईचं, विटा कुणी पारखल्या त्या रकान्यात."

असे रकानेच नव्हते. ऋतुजानं पेन काढलं, दोन्ही आखले, दोन्ही नावं लिहिली. दयानंद सरांकडं सगळे बघत होते. त्यांनी दोन्ही नावं पुन्हा वाचली आणि सही केली.

मग विशाखा यंत्राभोवतीच्या कुंपणाच्या आत गेली. पुढचा तासभर यंत्र एकेक वीट फळीवर टेकवत, वळवून भिंतीवर ठेवत राहिलं. शेवटचा थर बसला तेव्हा सिद्रामप्पा उठले, भिंतीच्या जाळीला गाल लावून उभे राहिले आणि म्हणाले, "वारा येतोय की."

कॉलेजनं शाल-श्रीफळाचा सत्कार ठरवला. विशाखा गेली नाही. "शाल नको, लेखी आदेश द्या," म्हणाली. अडीच महिन्यांनी आदेश मिळाला: यंत्राचे प्रशिक्षण देण्याचा अतिरिक्त कार्यभार. पद परिचरच. सकाळच्या तुकडीला ती शिकवते आणि हजेरीची सही आजही शिपायांच्या रजिस्टरात करते. त्याविरुद्धचा तिचा तिसरा अर्ज सध्या संस्थेकडं पडून आहे.

यंदा मे महिन्यात सिद्रामप्पांनी लातूरला अशाच भिंतींची कार्यशाळा घेतली आणि शिकवायला तिला बोलावलं. कॉलेज म्हणालं, परिचराला प्रतिनिधी म्हणून पाठवता येत नाही. तिनं स्वतःची रजा टाकली. सिद्रामप्पांनाही अट घातली: अर्ध्या जागा गवंड्यांना आणि भट्टीवरच्या बायांना.

"त्यांना संगणक येत नाही, विशाखाबाई."

"ऋतुजाला विटा येत नव्हत्या. तिला बसवलंच ना?"

त्या जागांवर अकरा जण आले, त्यात सात बाया. तिसऱ्या दिवशी निलंग्याकडची एक बाई ऋतुजाच्या प्रोग्रामशी भांडायला लागली, म्हणे ही वीट इथं बसणार नाही. विशाखानं मोजून बघितलं. बाईचंच बरोबर होतं.

ती नांदेडला परतली तेव्हा टेबलावर तिच्या नावाचं कारणे दाखवा पत्र होतं: परवानगी नसताना बाहेर का शिकवलं? तिनं उभ्याउभ्या ते वाचलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि सकाळच्या तुकडीवर गेली.