डिंकाचा दोष

माझ्या नावावर उभ्या आयुष्यात एकच शोधनिबंध आहे. छपाई आणि कागदावरचे लेप या विषयावर मुंबईत एक परिषद भरली होती, तिथे मी तो वाचला. नव्वदच्या दशकाचा शेवट, मे महिना. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे आणि स्वतःला फार हुशार समजायचे.

समुद्रपूरकडच्या एका गावात हातकागदाचं लहानसं केंद्र होतं. बारा बायका कापसाच्या कचऱ्याचा लगदा करून कागद काढायच्या. कागद देखणा, पण ऑफसेटवर घातला की त्याचे तंतू सुटून मशीनच्या रबराला चिकटायचे आणि छपाईचा सत्यानाश व्हायचा. गिऱ्हाईक मिळालं नाही तर दिवाळीला कुलूप, असं केंद्र चालवणाऱ्या संस्थेनं स्पष्ट सांगून टाकलं होतं. लग्नपत्रिका छापणारे मुंबईचे एक साहेब कसेबसे तयार झाले. परिषदेत मशीनं लागणार आहेत, तिथे माझ्यासमोर तुमचा कागद छापून दाखवा, नीट निघाला तर वर्षभराचं काम देतो, म्हणाले. तंतू बसवायला कागदावर लेप हवा होता, म्हणून संस्थेनं मला गाठलं.

लेप खरा केंद्रातल्या मावशीचा. त्या बारा जणींत ती सगळ्यात वयस्कर, गोंड, जंगलातून धावड्याचा डिंक गोळा करण्यात अर्धं आयुष्य गेलेली. माझे स्टार्चचे प्रयोग एकामागून एक आपटले, तेव्हा तिनं ज्वारीच्या खळीत डिंक कालवला, एक ताव माखला आणि उन्हात टाकला. एप्रिलचं ऊन ते! चहा पिऊन येईपर्यंत ताव खडखडीत वाळला. बोट घासलं तरी एक तंतू सुटेना. वर्ध्यातल्या प्रेसवाल्यानं त्यावर छापून दिलं, झकास निघालं. मी तर त्याच्या दुकानातच नाचायची बाकी होते.

मावशी काही नाचली नाही. याले एक पावसाळा पाहू द्या मॅडम, म्हणाली, सर्द हवेत डिंक मऊ पडते. मी तिला झटकून टाकलं. परिषद काय आपल्यासाठी थांबणार आहे, आणि मुंबईत मे महिन्यात पाऊस पडतो का, असं वर ऐकवलं. डिंक हवेतलं पाणी ओढतो, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देत होते. पण जिथे उन्हाळ्यात ओला टॉवेल दोरीवर टाकून वळायच्या आत वाळतो, तिथे जन्म काढलेल्या माणसाला हवेतलं पाणी पुस्तकापुरतंच खरं वाटतं.

मी, मावशी आणि आमचे विभागप्रमुख, अशी तिघं गेलो. मुंबईत उतरल्यावर मी शहाणपणा केला. गठ्ठ्याचं प्लास्टिक सोडलं आणि उद्या घाई नको म्हणून सगळे ताव खोलीतल्या टेबलावर एकावर एक रचून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निबंध वाचला. हॉल एसीचा, माणसं सुटाबुटातली, विषय एकेक असे की आपण कुठून आलो असं व्हावं. तरी टाळ्या पडल्या. विभागप्रमुख माझ्या कानाशी येऊन म्हणाले की तुमच्या प्रमोशनचं आता नक्की समजा. मावशी शेवटच्या रांगेत अंग चोरून बसली होती. तिला एक अक्षर कळलं नसेल, सगळं इंग्रजीत होतं. तिचं नावही त्यात नव्हतं.

दुपारी बाहेरच्या मांडवात मशीनजवळ ताव नेले. मुंबईच्या दमट हवेत रात्रभरात ते एकमेकांना चिकटून त्यांची एक वीट झाली होती. ओढला की फाटायचा. ओढून ओढून एक ताव अख्खा निघाला, तो मशीनमध्ये गेला आणि रबराला असा बसला की मशीन बंद करून खरवडावा लागला. लोक बघत होते. साहेबांनी मला विचारलं, हे काय झालं?

मला त्याच क्षणी कळलं होतं. चूक माझी आहे, डिंकाची नाही, दोन महिने द्या, लेपात काय घालायचं ते मी शोधते, एवढंच सांगायचं होतं. शेजारी विभागप्रमुख उभे होते. मी साहेबांऐवजी त्यांच्याकडे पाहिलं.

मावशी पुढे झाली. "साहेब, डिंक माहा होता. माह्याच डिंकात खोट असन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो. जंगलातला माल, एकसारखा नसतो."

संपलं. ज्यांचा कच्चा मालच बेभरवशाचा त्यांना वर्षभराचं काम कोण देईल? साहेब सभ्य माणूस, चहा पाजून गेले.

परत आल्यावर केंद्राच्या शेडमध्ये सगळ्या जणी जमल्या. मावशीनं तेच सांगितलं. बायका तिला नाही नाही ते बोलल्या, एकीनं तर चांगला डिंक तिनं बाजारात विकला असंही म्हटलं. मी तिथेच खुर्चीवर बसून होते, ऐकत होते. दिवाळीला कुलूप लागलं. मला प्रमोशन मिळालं.

सात-आठ वर्षांनी वर्ध्याच्या एसटी स्टँडवर मावशी दिसली. लोकांच्या शेतात निंदणाला जाते म्हणाली, गुडघे गेलेत म्हणाली. मला राहवलं नाही. बाकावर तिच्याशेजारी बसून मी सगळं सांगितलं, की डिंक चांगला होता, मला तेव्हाच ठाऊक होतं, मी भ्याले. रडलेही, लाज वाटते सांगायला.

ती मग म्हणाली, "आता मले काऊन सांगून राह्यल्या मॅडम? मले तं मालूमच होतं. त्या दिवशी शेडमंदी अकरा जणी बसल्या होत्या, त्यायले सांगाचं होतं. त्या अजूनई माह्याशी बोलत नाईत."

त्यांच्यातल्या चौघी अजून त्याच गावात राहतात. वर्ध्याहून तासा-दीड तासाची बस आहे. मी गेलेली नाही.