उलटं लावलेलं पान

मृण्मयीचा डोळा लागतो न लागतो तोच बाल्कनीतून कुणीतरी घसा खाकरतं.

रविवारची दुपार. उशी मऊ होत जाते, मग उशीची माती होते, आणि तेही बरंच वाटतं. सकाळीच तिनं सासूबाईंच्या झाडाचं एक लांबलचक पान कापलंय, त्याचे बोट-बोटभर तुकडे केलेत आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून खोचलेत. एका पानाची बरीच झाडं होतात म्हणे. या झाडाला लोक ‘सासूची जीभ’ म्हणतात. कुमुदिनीबाईंनी ते स्वतःच आणलं होतं. नाव ऐकल्यावर नर्सरीवाल्याला म्हणाल्या होत्या, “द्या. घरात एक आहेच, तिला सोबत होईल.”

आता सासूच्या जिभेचे तुकडे केल्यावर ते बोलणारच. त्यात नवल ते काय!

“पा,” पहिला डबा म्हणतो.

“पा,” दुसरा म्हणतो.

“घेनपा,” तिसरा म्हणतो.

हा ‘पा’ मृण्मयीच्या चांगल्या ओळखीचा आहे. अर्धांगाचा झटका आला आणि कुमुदिनीबाईंची ती धारदार जीभ एका अक्षरावर आली. पा. मृण्मयी पाणी द्यायची. त्या प्यायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या आणि परत म्हणायच्या, पा. की परत पाणी. कुंडीलासुद्धा कुणी इतकं घालत नाही. शेवटी एकदा, पुन्हा चादर बदलताना, तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो आई, बास की आता! सारखं काय पाणी पाणी? धुवायचं मलाच असतं ना?”

त्यानंतर त्यांनी ‘पा’ म्हणणं बंद केलं. मग होळीच्या सुमारास श्वास घेणंही.

ती बाल्कनीत जायला उठते, तर बाल्कनीच्या जागी मंगल कार्यालयाचा हॉल. पंगत बसलीय. पाटांवर श्रीखंडाचे डबे ओळीनं मांडी घालून बसलेत. डब्यांना मांडी कुठून आली, हे विचारायचा हा प्रसंग नव्हे. कुमुदिनीबाई पदर खोचून वाढतायत. दोन्ही हात चालतायत.

“अहो आई, तुम्ही?”

“मग कोण, केटरर? सरक, मीठ सांडशील.”

“तुम्ही बोलताय.”

“कापलीस ना जीभ? मोकळी झाली.”

मृण्मयी चटकन तांब्या उचलते. हाताला सवयच ती.

“ठेव तो खाली!” सासूबाई कडाडतात. “कापल्यावर जखम सुकू द्यावी, मग मातीत लावावं. तू ओल्याचा ओला खोचलास, वर बदाबदा पाणी. कुजेल नाहीतर काय? मला काय नि झाडाला काय, तुझं औषध एकच.”

“चुकलं माझं.”

“झाडाचं म्हणतेस की माझं?”

पंगतीतले डबे जेवायचे थांबून ऐकायला लागतात. मृण्मयीची मान वर होत नाही.

“तुम्हाला पाणी नको होतं,” ती जमिनीला सांगते. “मग काय हवं होतं, आई?”

“घेनपा,” तिसरा डबा मध्येच तोंड घालतो.

“हा काय बरळतोय?”

“बरळेल नाहीतर काय! उलटा लावलायस त्याला. बूड वर, शेंडा खाली. उलट्या लावलेल्याला मुळं फुटत नाहीत, आणि बोललंच तर उलटं बोलतं. सरळ कर.”

मृण्मयी वाकते. हॉल आता घरातल्या स्वयंपाकघराएवढाच उरलाय. ओटा, खिडकी, आणि दारातून दिसणारी ती कॉट. ती तुकडा उपटून फिरवते आणि पुन्हा खोचते. तुकडा दम घेतो आणि स्वच्छ म्हणतो, “पान घे.”

“पान? म्हणजे विडा हवा होता? चुना-कात लावून?”

“दात होते का मला?”

“मग झाडाचं पान?”

“अगं बाई! कॉटवरून मला ओटा सरळ दिसायचा. मला भरवायचीस, माझ्या लेकाला डबा द्यायचीस, आणि स्वतः ओट्याशी उभी राहून पातेलं खरवडायचीस. रोज! मी म्हणत होते, पान घे. वाढून घे, खाली बस, चार घास नीट खा. तर ही पाणी घेऊन धावत!”

मृण्मयीला हसू फुटतं आणि ते मध्येच ओलं होतं. “मग प्यायलात कशाला?”

“एवढी धावत आणायचीस. शिवाय ‘नको’ म्हणायला जीभ कुठं होती?”

“आणि मी ओरडले, ते?”

यावर कुमुदिनीबाई पान मांडतात. डावीकडे मीठ, लिंबाची फोड. मधोमध भाताची मूद, त्यावर वरण, वर तुपाची धार. मग पाटाकडे बोट दाखवतात. ती बसते. पहिला घास इतका गरम आहे की डोळ्यांत पाणी यायला तेवढं कारण पुरतं.

जाग येते. खोलीत ऊन तिरपं झालंय. स्वप्नातल्या सासूचं काय खरं धरायचं, असं ती स्वतःला बजावते. अपराधी माणसाला स्वप्नं सोयीचंच वाढतात. तोंडावरून हात फिरवते, तर हनुवटीला काहीतरी चिकटलेलं. भाताचं शीत. तुपकट, मऊ, अजून कोमट. घरात आज भात शिजलेलाच नाही. दुपारी तिनं फ्रीजला टेकून ब्रेड खाल्ला होता.

शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. मृण्मयी ते शीत बोटाच्या टोकावर धरते. जमिनीवर बसते, नीट मांडी घालते, आणि मगच ते तोंडात टाकते.